बाण आणि लाल गोल

सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एका चॅनेलची क्लिप टाकली. कोवळ्या पोरानं जीव दिला. त्याची बिल्डिंग, दारावर लाल गोल, बाण, मागे ढॅणढॅण संगीत आणि कसं केलं याचं चक्क ॲनिमेशन! चहा तसाच राहिला माझा.

आमचे काका 2004 ला गेले. यवतमाळकडे कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज. काकूनं चौदा वर्षांच्या बाळूला सांगितलं, बाबांच्या छातीत कळ आली. तिसऱ्या दिवशी पेपरनं त्याला उरलेलं सगळं सांगितलं. काय, कुठे, किती वाजता. त्याच्या वर्गातल्या पोरांनाही. ते कात्रण त्यानं दप्तरात जपून ठेवलं होतं, घड्यांवर पार मऊ पडलेलं.

हो, बातम्या आल्या नसत्या तर 2006 ला पंतप्रधान विदर्भात फिरकले नसते, पॅकेजही मिळालं नसतं. मान्य. मग कर्ज लिहा, सावकार लिहा, पडलेला भाव लिहा! रीत कशाला सांगता? पाककृती आहे का ती?

व्हिएन्नात 1987 पासून पेपरांनी मेट्रोतल्या आत्महत्या रंगवून छापणं सोडलं, तर तिथले ते प्रकार झपाट्यानं कमी झाले. आपल्या प्रेस कौन्सिलनंही 2019 ला सांगून ठेवलंय : पद्धत नको, भडक मथळा नको, फोटो नको. चॅनेलवाले म्हणतील, आम्ही त्यांच्या कक्षेत येत नाही. बरोबर. लाजेच्या कक्षेत तरी येता ना? रोज सोन्याच्या भावाला चौकट मिळते, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 छापायला जागा नाही!

असो. आवाज चढला माझा. बातमीदारांच्या मागे डेस्कचा तगादा असतो, कळतं. आणि क्लिप ग्रुपवर चॅनेलनं थोडीच टाकली, आपल्यातल्याच कुणीतरी टाकली.

खूप वर्षांनी बाळू एकदा म्हणाला, "दादा, बारावीत नापास झालो त्या रात्री ते कात्रण पुन्हा काढलं होतं मी." पुढं बोलला नाही. मीही विचारलं नाही. नंतर काकूनं ते चुलीत घातलं.

दुपारी ग्रुप उघडला तर क्लिपखाली बारीक अक्षरात एवढंच : बाळूनं ग्रुप सोडला. चार वेळा फोन केला, उचलेना. हे सगळं त्या मधल्या वेळात लिहिलंय.

आत्ता उचलला. "डवरणी सुरू आहे ना दादा, फोन धुऱ्यावर होता."