तोंडवळीचं सी वर्ल्ड आणि आमचं

गेल्या डिसेंबरात गावी गेले होते, तेव्हा धाकट्या चुलतभावाने जेवणाच्या पानावरच विषय काढला. तारकर्लीला त्याच्या चार खोल्या आहेत. सीझनला भरतात आणि मे महिना संपला की कुलूप. सिंधुदुर्गात सी वर्ल्ड व्हायलाच हवं होतं, लोकांनी हातचं घालवलं, असं त्याचं ठाम मत. आत्या सोलकढी वाढत होती. तिचं सासर तोंडवळीकडचं. ती काही बोलली नाही, फक्त पळी जरा जोरात ठेवली. तिच्याकडे न बघता भाऊ मला म्हणाला, ''तुमका थंय चलता, मगे आमका हंय कित्याक नको?''

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला समुद्रजीवनावरचं एक मोठं थीम पार्क सरकारी पर्यटन महामंडळ आणणार होतं. सुरुवातीची मागणी १३९० एकरांची. गावांनी कडाडून विरोध केला, तेव्हा साडेतीनशे एकरांत भागवू अशी भाषा सुरू झाली. एवढी वर्षं झाली, प्रकल्प कागदावरच आहे. जिल्ह्यात निवडणुकीचे वारे वाहू लागले की नाव पुन्हा कानावर येतं.

आणि मी राहते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला. इथलं सी वर्ल्ड आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. म्हणजे भावाचा प्रश्न रास्तच होता. मला तेव्हा पानावर उत्तर सुचलं नाही, मी भात कालवत बसले. उत्तर परतीच्या विमानात सुचलं. आमची उत्तरं तिथेच सुचतात.

इथलं सी वर्ल्ड १९६४ सालचं. मिशन बे नावाच्या खाडीच्या काठावर साधारण १९० एकरांत ते बसलंय. तोंडवळीला आधी किती एकर मागितले होते, ते वर दिलंच आहे. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की ही १९० एकर जमीन सी वर्ल्डची नाहीच, शहराची आहे. कंपनी भाडेकरू, करार २०४८ पर्यंतचा, आणि भाडं गल्ल्याच्या टक्केवारीवर, त्यातही किमान रक्कम ठरलेली. कोविडच्या काळातलं भाडं थकल्याच्या वादातून शहराने २०२३ मध्ये कंपनीला सरळ कोर्टात खेचलं. किनाऱ्याजवळ ३० फुटांपेक्षा उंच बांधायचं नाही, हे इथल्या लोकांनी १९७२ मध्ये मतदान करून ठरवलेलं. सी वर्ल्डला उंच राईड बांधायच्या होत्या, तर त्यासाठी १९९८ मध्ये पुन्हा अख्ख्या शहराचं मत घ्यावं लागलं. प्रस्ताव निसटत्या बहुमताने पास झाला. पाळणा किती उंच जावा हे ग्रामसभेत हात वर करून ठरतंय, अशी कल्पना करून बघा.

भावाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग झालं की, भाड्यानेच द्या. त्यावर आत्याने विचारलं असतं, कोणाची जमीन कोण देतंय भाड्याने? तिथे पहिलीच पायरी संपादनाची होती. आंब्याकाजूची आणि घरादाराची जमीन आधी सरकारकडे जाणार, मग सरकारकडून कोणाकडे तरी. ते ''कोणाकडे तरी'' गावाला कधी नीट कळलंच नाही. सी वर्ल्ड हवं की नको यावर आपण इतकी वर्षं भांडतोय. पण ते झाल्यावर किनारा कोणाचा राहणार, हा सवाल त्याच्या आधीचा आहे आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

मला तो पडतो, कारण मिशन बेला मी जाते ती सी वर्ल्डसाठी नव्हे. सगळं मिळून सुमारे ४२०० एकरांचं हे सार्वजनिक पार्क आहे. निम्मं पाणी, निम्मी जमीन, किनारा २७ मैल. आत यायला तिकीट नाही, गाडी लावायलाही पैसे नाहीत. रविवारी सकाळी सहाला गेलात तर प्रत्येक चांगल्या जागेवर एक मामा खुर्ची टाकून बसलेला दिसतो. तो जागा धरायला आलेला असतो. नऊपर्यंत त्याच्या मागून सगळं खानदान उतरतं. तंबू, फुगे, शेगड्या, आज्जीची चाकांची खुर्ची. मेक्सिकन, फिलिपिनो, सोमाली, सगळ्यांचेच वाढदिवस इथे. आमच्या मंडळींची सहलही इथेच असते. मिसळीचा कट गॅसवर रटरटत असतो आणि शेजारच्या तंबूतली माणसं वासाने विचारायला येतात. संध्याकाळी वाळूतल्या सिमेंटच्या गोल कड्यांत शेकोट्या पेटतात.

आणि मुलं. माझी लेक नऊ वर्षांची आहे. सी वर्ल्ड की बे असं विचारलं तर ती बे म्हणते. कारण विचारलं तर म्हणाली, ''तिथे तू घड्याळ बघत नाहीस.'' खरंच आहे. तिकीट काढून आत गेलं की माझ्यातला वाणी जागा होतो. एवढे डॉलर, एवढे तास, अजून दोन राईड व्हायलाच हव्यात. डिस्नेलँड इथून दीड-दोन तासांवर. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट १०४ डॉलरपासून सुरू होतं आणि गर्दीच्या दिवशी दोनशेच्या वर जातं. १९५५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा आत जायला एक डॉलर पडायचा. आम्ही एकदा गेलो, मजा आली, पुन्हा जाणार नाही असं नाही. पण मुलांचं लहानपण तिथे घडत नाही. ते बेच्या नळाखाली घडतं. उघड्यावरचा, बटण दाबून अर्धा मिनिट चालणारा गार पाण्याचा शॉवर आहे. त्याच्याखाली लेक पायाच्या बोटांमधली वाळू काढत उभी असते, पाणी थांबलं की पुन्हा बटण दाबते, मागे रांग लागलेली असते आणि मी ओरडत असते. शॉवरच्या शेजारी स्वच्छतागृह असतं, उघडं आणि पाणी असलेलं.

जीवरक्षकांचंही तसंच. इथल्या ओशन बीचवर १९१८ च्या मे महिन्यात एकाच दिवशी तेरा माणसं ओढीच्या प्रवाहात बुडाली. त्यानंतर शहराने पगारी जीवरक्षक नेमायला सुरुवात केली. आज ते पोलीस आणि अग्निशमन दलाइतकेच नगरपालिकेच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर २०१७ च्या एप्रिलमध्ये बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. पुढे २०२२ च्या मेमध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. आपल्याकडे त्यानंतर फलक लागतात. फलकावर लाल अक्षरं असतात आणि त्यालाच टेकून लोक सेल्फी काढतात.

आता इथलं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. आई आली होती तेव्हा तिला इथल्याच ला होया भागातला चिल्ड्रन्स पूल दाखवायला नेलं. एलन ब्राउनिंग स्क्रिप्स नावाच्या धनिक बाईंनी १९३१ मध्ये स्वतःच्या पैशाने समुद्रात वळणदार भिंत घालून मुलांना पोहायला ही शांत जागा करून दिली. पुढे तिथे सील मुक्कामाला आले. मुलांचा की सीलचा, यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. शेवटी वाटणी झाली. सीलच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे १५ डिसेंबर ते १५ मे, वाळूवर माणसाने पाय ठेवायचा नाही. भिंतीवरून बघायचं. आम्ही बघितलं. एक सीलबाई पोटावर सरकत पिलाला पाण्याकडे ढकलत होती, पिलू पुन्हा पुन्हा उलटं फिरत होतं, आणि भिंतीवरची पन्नास माणसं श्वास रोखून उभी होती. आईने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, ''ह्यापेक्षा आपला धक्का बरा.'' पण ती वीस मिनिटं हलली नाही. फुकट बघितलं सगळं. इकडे सी वर्ल्डमधल्या ओर्कांचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मोठ्या डॉल्फिनांचं, प्रजनन आणि करमणुकीचे खेळ कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने बंद केले. ज्या नावाचा आपल्याकडे मोह आहे, त्या नावाला इथे इतका हिशेब द्यावा लागलाय.

मिशन बे तरी कुठे निसर्गाची देणगी आहे? तिथे पूर्वी खाजण होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर गाळ उपसून, भर घालून ते पार्क केलं. मूळ खाजणाचा जेमतेम चाळीस एकरांचा तुकडा उरलाय आणि आता शहर त्याच्या शेजारचं खाजण परत आणायच्या योजना करतंय. कांदळवन तोडून जेट्टी काढणाऱ्यांनी हे वाचावं. दक्षिणेला इम्पिरियल बीच आहे. तिथे सीमेपलीकडून येणाऱ्या मैलापाण्यामुळे २०२१ च्या अखेरीपासून हजाराहून जास्त दिवस पाण्यात उतरायला बंदी होती. बाल्बोआ पार्क म्हणजे १८६८ मध्ये राखून ठेवलेली शहराची शान, त्यात २०२६ च्या जानेवारीपासून गाडी लावायला पैसे सुरू झाले. त्यावर एवढा गदारोळ उठला की शहरवासीयांना सवलती द्याव्या लागल्या. वाचताना मला राणीच्या बागेचं २०१७ सालचं भांडण आठवलं, पेंग्विन आल्यावर पाचाचं तिकीट पन्नास झालं तेव्हाचं. वाद तोच, फक्त इथे त्याला पार्किंग म्हणतात.

पार्क हा शब्द नेहमी पवित्र असतो असंही नाही. लॉस एंजेलिसजवळ मॅनहॅटन बीचला ब्रूस नावाच्या कृष्णवर्णीय जोडप्याचं समुद्रकाठी छोटं विश्रामगृह होतं. शहराने १९२४ मध्ये पार्क करायचंय म्हणून त्यांची जागा ताब्यात घ्यायची कारवाई सुरू केली, ती घेतली आणि मग कित्येक वर्षं ती तशीच पडू दिली. जमीन वारसांना परत मिळाली २०२२ मध्ये. ''सार्वजनिक उपयोगासाठी'' हे शब्द सातबाऱ्याजवळ आले की आत्या पळी का आपटते, ते मला ब्रूस कुटुंबाची गोष्ट वाचून जास्त कळलं.

तरीही एक गोष्ट इथल्यांनी घट्ट धरून ठेवलीय. भरतीची रेषा आणि तिच्याखालची ओली वाळू सगळ्यांची. लोकांनी १९७२ मध्ये मतदानाने किनारा आयोग आणला, १९७६ च्या कायद्याने तो पक्का झाला, आणि तेव्हापासून अब्जाधीशांशी भांडणं चालूच आहेत. त्यातलं गाजलेलं एक म्हणजे उत्तरेकडच्या मार्टिन्स बीचचं. पुण्यात जन्मलेले उद्योजक विनोद खोसला यांनी ती जमीन घेतल्यावर किनाऱ्याच्या वाटेचं फाटक बंद झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांची याचिका ऐकायला नकार दिला. आपल्याकडे १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम, आहेत, पण त्यांची चर्चा कायम बांधकाम किती मीटरवर यापुरती. माणसाने वाळूपर्यंत जायचं कुठून, यावर कोण भांडतं? तोंडवळीशेजारच्या तळाशीलला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना हा प्रश्न बरोबर कळतो. त्यांना दोरी घेऊन उभं राहायला जागा लागते.

भावाचं एक म्हणणं मात्र खोडता येत नाही. गावातली पोरं गोव्याला आणि मुंबईला जातात, कारण गावात काम चार-सहा महिन्यांचं. थीम पार्क आलं तर बारा महिने पगार, हा त्याचा हिशेब. इथेच माझी गाडी अडते, आणि त्याचीही अडते. सॅन डिएगोला वर्षाला दहा इंच पाऊस, म्हणजे अडीचशे मिलिमीटर. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. इथलं पार्क वर्षभर चालतं ते कोरड्या आभाळाच्या जिवावर. आपल्याकडे जूनमध्ये समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली, तेव्हा मुंबईहून कोण येणार उघड्यावरच्या राईडवर बसायला? दोन्ही किनाऱ्यांवर ऊन आहे हे खरं, पण आमचं ऊन सुट्टी घेत नाही.

त्यापेक्षा मला दुसरा बेत आवडतो. नौदलातून निवृत्त झालेलं गुलदार हे जहाज निवतीजवळ बुडवून पाण्याखालचं आकर्षण करायचं म्हणतात. जमीन लागत नाही, स्कुबाच्या पोरांना काम. इथे सॅन डिएगोसमोर २००० सालच्या जुलैत कॅनडाचं युकॉन जहाज असंच बुडवायचं होतं. ते ठरल्याच्या आदल्या रात्रीच आपलं आपण बुडालं आणि कुशीवर आडवं झालं. आजही पाणबुडे त्याला तसंच आडवं बघायला जातात. निवतीला जरा मुहूर्त सांभाळा.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं, त्याने ऐकूनही घेतलं. शेवटी म्हणाला, तू परदेशातून बोलतेस, तुला काय, तीन आठवड्यांची पाहुणी. बरोबर आहे. मी म्हटलं, राहू दे सी वर्ल्ड, तुमच्या किनाऱ्यावर कपडे बदलायच्या खोल्या नव्या बांधल्यात ना, डिसेंबरात त्यांना कुलूप होतं. आत पाणी आलं का ते बघून एक फोटो पाठव.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. निळं दार, तेच कुलूप, आता जरा गंजलेलं. खाली एक ओळ: ''चावी नानाकडे आसा, आणि नानो मुंबैक गेलो.''