तुकोबांच्या अभंगाचे मालक तुम्ही कधी झाले?

काही दिवसांपूर्वी सकाळी मोबाइल उघडला अन् डोकंच फिरलं. काकड्याच्या समारोपाचा आमच्या भजन मंडळाचा व्हिडिओ यूट्यूबनं मुका करून टाकलाय. कारण काय, तर त्यात म्हणे कॉपीराइटचा माल आहे. कोणाचा माल? अभंग तुकोबांचा! पावणेचारशे वर्षांपूर्वी वैकुंठाला गेलेल्या माणसाच्या शब्दांवर कुठल्याशा संगीत कंपनीनं हक्क लावलाय.

गाणारा माझा मोठा काका, वय ७८. पेटीवर गुरुजी, ढोलकीवर आमचा पोट्टा, टाळ अख्ख्या गावाचे. मधे कोंबडा आरवलेला ऐकू येतो, एक म्हातारी खोकते. हे कोणत्या कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, दाखवा मले! दिवसभर धान कापून, रात्री अकराला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन, कारण रेंज तिथंच, थंडीत तीनपर्यंत बसून टाकला होता तो. पुण्याला, हैदराबादेला कामावर गेलेल्या पोरांना काकाचा आवाज ऐकायचा होता म्हणून.

यांचं मशीन सूर जुळवतं अन् ठप्पा मारतं. अरे, चाल पारंपरिक आहे. माझ्या आजोबांच्या तोंडी होती. तुमच्या गायकानं ती गायली, तर त्या रेकॉर्डिंगवर ६० वर्षं तुमचा हक्क, कबूल. अभंगावर कसा? हरकत घ्या म्हणतात. घेतली. उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस. अन् हरकत तपासणार कोण? ज्यानं दावा ठोकला तोच! अजून पुढं गेलं की स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर ठपका, तीन झाले की चॅनेल बंद. मंडळातले म्हणतात, "जाऊ दे ना भाऊ, काऊन भांडतं?" काऊन म्हणजे? आपलंच आपण गायचं अन् चोरासारखं गप्प बसायचं?

मी कायदा नको म्हणत नाही. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले. त्यांच्या लिखाणावर २०२८ सरेपर्यंत कोणी रीतसर हक्क सांगितला तर मान खाली घालून ऐकीन. ही मुदतही आधी लेखकामागं ५० वर्षं होती. रवींद्रनाथांची १९९१ सरताना संपत आली तेव्हा ती ६० केली. तेही मान्य. पण कधीतरी ते लोकांचं होणार, हा शब्द कायद्यानंच दिलाय ना? मग जे शतकांपासून लोकांचंच आहे, त्याला कुलूप लावायची किल्ली यांच्या हाती कोणी दिली?

मागच्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नात एक जण कागद घेऊन आला. डीजेची रॉयल्टी भरा म्हणे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात अन् लग्नातले सोहळे चक्क सोडलेले आहेत, २०२३ मध्ये केंद्रानं नोटीस काढून पुन्हा तेच सांगितलं. पण मांडवात, वऱ्हाडासमोर, नवरीच्या बापाला कलम कुठून आठवणार? भावानं गुपचूप पैसे दिले. अजून आठवलं की जीव जळतो.

अन् ज्याचा हक्क खरंच राखायला पाहिजे त्याच्या वेळी हे मशीन कुठं असतं? आमच्या झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, एक मित्र नाटकं लिहितो. वडशाच्या नाटक कंपन्या ती रात्र-रात्र खेळतात. यंदा त्याचं नवं नाटक पहिल्याच प्रयोगात कोणीतरी मोबाइलवर पूर्ण शूट करून टाकलं, वर जाहिराती लावून. पुढच्या दोन गावांनी बोलणी मोडली: "आम्ही पाह्यलं ना मोबाइलवर." त्यानं तक्रार केली तर त्यालाच पुरावे मागताहेत. त्याच्यापाशी हातानं लिहिलेल्या वह्या आहेत, कंपनी नाही, वकील नाही. तो जिवंत आहे, त्याची पोरं शाळेत आहेत, त्याच्या लिहिण्यावर त्याचं घर चालतं. त्याला एक रुपया नाही.

काकाला अजून सांगितलं नाही. काल तो व्हिडिओ लावून बसला होता. पडद्यावर त्याचे ओठ हलताहेत, टाळ हलताहेत. मोबाइल कानाला लावून म्हणे, "आवाज वाढव ना रे."

तिसरी हरकत आज रात्री टाकीपाशी जाऊन टाकतो.