‘न्यूज’ आणि चार दिशा: कमेंटला उत्तर

दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ, हे सरांनी शाळेत फळ्यावर लिहून दिलंय, जीकेच्या पुस्तकात पण आहे, आणि मी उगं शहाणपणा करतोय. वर विचारलंय की ‘न्यू’ तर विशेषण, त्याचं अनेकवचन कुठं होतंय?

हा प्रश्न झकास आहे, म्हणून आधी तोच. होतंय की! शाहू मार्केट यार्डात ट्रकवर ‘गुड्स कॅरियर’ लिहिलेलं रोज बघताय, ते ‘गुड्स’ म्हणजे ‘गुड’ला ‘एस’ लावून झालेला मालच. आपण पण ‘थोरामोठ्यांचं ऐकावं’ म्हणतोच ना. तसंच ‘न्यू’चं ‘न्यूज’, नव्या गोष्टी, आणि इंग्रजांनी हे चौदाव्या शतकाच्या शेवटाला चालू केलं ते फ्रेंचांचं ‘नूव्हेल’ बघून, कारण तिकडं पण बातम्यांना ‘नवं’चंच अनेकवचन वापरत होते. आता ‘न्यूज इज’ म्हणतात हे बरोबर, पण शेक्सपिअरच्या नाटकात ‘दीज न्यूज’ असं सरळ अनेकवचनी सापडतंय.

राहिल्या दिशा. 1622 ला लंडनमध्ये ‘वीकली न्यूज’ नावाचं बातमीपत्र निघालं, त्यात ‘न्यूज’चं स्पेलिंग होतं एन-ई-डब्ल्यू-ई-एस. म्हणजे लंडनला पूर्व दिशा दोनदा होती काय? आणि आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची फॅशन मुख्यतः विसाव्या शतकातली, ‘रडार’ बघा, तो दुसऱ्या महायुद्धाच्या टायमाचा, ‘न्यूज’ त्याच्या साडेपाचशे वर्षं आधीचा. हां, दिशांचा जोक मात्र जुनाच, 1640 च्या एका इंग्रजी चुटक्या-कवितांच्या पुस्तकात बातमी चारी दिशांनी येते अशी कोटी केलेली आहे, पण ती कोटीच हो, पुढं लोकांनी तीच व्युत्पत्ती म्हणून खपवली.

सरांवर माझा काही राग नाही, फळ्यावर ते चार दिशांचं चित्र भारीच दिसतंय आणि पोरांना स्पेलिंग पाठ होतंय, तेवढ्यापुरतं ठीक. पण जीकेच्या पुस्तकात छापलं म्हणून खरं, हे मला पटत नाही, ती पुस्तकं एकमेकांचं बघूनच छापतात असं मला कायम वाटत आलंय. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी कुठल्या लायब्ररीत मिळाली तर ‘न्यूज’ काढून बघा, जुनी स्पेलिंगं वर्षांसकट दिलेली असतात.

आणि ‘टिप’चा फुल फॉर्म पण तुम्ही कमेंटच्या शेवटी टाकलाय, तो पण तसलाच आहे. त्यावर आत्ताच भांडू नका, ती पोस्ट अजून लिहायची आहे.