सातपुड्यातील बाळांचे वजन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

एपिजेनेटिक्सवरील, म्हणजे जनुकांची अक्षरे न बदलता त्यांचे काम कसे बदलते या विषयावरील, माझा लेख वाचून आपण लिहिले आहे की, ‘उपासमारीची खूण जनुकांवर उमटते आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरते, असे म्हणणे म्हणजे पावरा-भिल्लांची मुले जन्मतःच अधू ठरवणे होय.’ आपण धडगावकडे अनेक वर्षे शिकवत आहात, त्यामुळे हा राग वाचून मी लेख पुन्हा तपासला. ‘पिढ्यान्‌पिढ्या उतरते’ हे मी लिहायला नको होते. प्राण्यांवरील काही प्रयोगांत तसे दिसले असले, तरी माणसांत ते सिद्ध झालेले नाही. ते शब्द मी काढून टाकले आहेत.

गर्भातील उपासमारीची खूण त्या बाळाच्या जनुकांवर उमटू शकते, हे बाकीचे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही, कारण ते आपल्याच बाजूचे आहे. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आणि बाळांचे कमी वजन यांचा उल्लेख एकाच दमात होतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातील डीएनएचे एक अक्षरच बदललेले असते. ते आईवडिलांकडून येते आणि आहाराने पालटत नाही. मिथिलीकरण या एपिजेनेटिक बदलात मात्र अक्षरे तीच राहतात. त्यांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात किंवा सुटतात आणि त्यानुसार जनुकाचे काम कमी-जास्त होऊ शकते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या दिवसांत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावरील मिथिलीकरण साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळले. आईबाप तेच, वंश तोच. फरक होता तो आईच्या पोटात अन्न नसण्याचा.

वंशाबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींवरून डेव्हिड आणि कॉलिन्स यांनी १९९७ साली मांडलेली तुलना पाहावी. गोऱ्या स्त्रियांच्या बाळांचे सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचे ३३३३ आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचे ३०८९. दोष रक्तात असता, तर आफ्रिकेतून आलेल्या स्त्रियांची बाळे गोऱ्यांच्या इतकी जवळ आली नसती. या अभ्यासात मिथिलीकरण मोजलेले नव्हते, म्हणून त्यावरून मी एपिजेनेटिक्स सिद्ध करू पाहत नाही. वंशाचे कारण किती कच्चे आहे, एवढेच त्यातून दिसते.

आता आपल्याकडचे. होळीनंतर अक्कलकुवा तालुक्यातील एका अंगणवाडीत मी बसलो होतो. गुजरातेतील ऊसतोडीवरून परतलेल्या एका बाईचे महिन्याचे बाळ झोळीच्या काट्याला लावले, तेव्हा काटा सव्वादोन किलोपाशी थांबला. मुकादमाची उचल फिटायची होती, म्हणून आठवा महिना लागला तरी ती उसाच्या मोळ्या वाहत होती. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, पण ती फडावर होती आणि जेवण गावात. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ सहज म्हणाले, “ही जातच बारीक असते.” बाईने मान खाली घालून बाळ पदरात घेतले.

सर, आपल्याला ज्या शिक्क्याची भीती वाटते, तो त्या एका वाक्यात आधीच मारलेला होता. माझा लेख त्या वाक्याच्या विरोधात होता आणि माझ्याच ढिसाळ शब्दांनी तो त्याच्या बाजूला झुकला, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुधारलेला मजकूर आपल्याकडे पाठवत आहे. कोणताही शब्द आपल्या मुलांना कमी लेखणारा वाटला, तर कृपया त्याखाली रेघ ओढून परत पाठवावा.