मोठ्याने वाचलेली किंमत

चार वर्षे शोधत असलेली एक सिंगल, म्हणजे दर बाजूला एकेक गाणे असलेली छोटी रेकॉर्ड, गेल्या रविवारी हाती येऊन निसटली, आणि ज्या गृहस्थांमुळे ती गेली त्यांना तबकड्यांत काडीचाही रस नव्हता, हे मला अजून पचलेले नाही.

जुन्या रेकॉर्डच्या विक्रीत, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. ७ इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची, मधोमध ३८ मिलिमीटरचे भोक. (हे थोराड भोक आरसीए व्हिक्टरने १९४९ साली जगाला दिले, आणि त्यात बसवायचा प्लॅस्टिकचा ॲडॅप्टर हरवणे हा तेव्हापासून आमच्यासारख्यांचा नित्यनेम झाला आहे.) माझ्या पिशवीत वीस वर्षांपूर्वीची किंमत-पुस्तिका होती. तिच्यातल्या किमती शिळ्या झाल्या असल्या तरी कंपनीने तबकडीला दिलेले कॅटलॉग क्रमांक शिळे होत नाहीत, म्हणून मी ती बाळगतो. विक्रेत्याकडे पाठ करून, परीक्षेत चिठ्ठी उघडावी तशी मी ती उघडली.

"डावीकडचा रकाना, खालून तिसरी ओळ," खांद्यामागून आवाज आला, आणि पाठोपाठ छापील किंमत खणखणीत स्वरात वाचली गेली.

"अहो, हळू बोला."

"हळू कशाला? पुस्तकातच छापले आहे की!"

विक्रेत्याने काही न बोलता खोक्यावरचा 'कोणतीही घ्या, एकच भाव' हा पुठ्ठा उलटा केला.

गृहस्थांनी तेवढ्यात तबकडी माझ्या हातातून घेतली, दिव्याखाली तिरपी धरली, फुंकर मारली आणि निकाल दिला, "व्हेरी गुड."

"व्हेरी गुडच आहे!" विक्रेता खुलला.

"म्हणजे वाईट."

विक्रेत्याचा चेहरा पडला. गृहस्थांनी त्याला समजावले की छापील किंमत 'निअर मिंट', म्हणजे जवळपास नव्याकोऱ्या, प्रतीची असते आणि 'व्हेरी गुड'ला तिच्या जेमतेम चौथाई मिळते. हे खरेच आहे. गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाच्या श्रेणीपद्धतीत 'गुड' तबकडी म्हणजे गाण्यापेक्षा खरखर जास्त, अशी अवस्था असते. ज्या शब्दकोशात चांगल्याला वाईट आणि फार चांगल्याला बरे म्हणतात, त्याच्या आधारे लोक एकमेकांशी व्यवहार करतात आणि वर भांडणे का होतात म्हणून विचारतात. शिवाय ज्या सिंगल्स ज्यूकबॉक्समध्ये झिजल्या, पार्ट्यांत पाकिटाबाहेर लोळल्या, त्यांची किंमत छापायची ती मात्र जवळपास न वाजलेल्या प्रतीची, आणि ती वाचणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला वाटते की हे आपल्याच प्रतीबद्दल लिहिले आहे.

तरीही त्या क्षणी गृहस्थ मला देवासारखे वाटले. चौथाईत ती मी उभ्या उभ्या घेतली असती. तोच त्यांनी पुस्तिकेचे पहिले पान उलगडले.

"अरे, हे तर वीस वर्षांपूर्वीचे!" आणि विक्रेत्याकडे वळून, "तेव्हापासून किती वाढली असेल, विचार करा."

विक्रेत्याने विचार केला. तबकडी अलगद पाकिटात घालून त्याने ती स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि "आधी घरी जाऊन बघतो" एवढेच म्हणाला. किमती उतरतातही, ज्यांना एखादे गाणे हवे असते ती पिढी थकली की त्या तबकडीला कोणी विचारत नाही, हे त्या सर्वज्ञाला मोठ्याने सांगावेसे वाटले नाही. फुकटचे ज्ञान नेहमी दुसऱ्याच्या खिशातून का वाटले जाते, कोण जाणे.

"तुम्हाला हवी होती का?" मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारले.

"छे हो, माझ्याकडे प्लेअरच नाही."

गाणे संपते तिथल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडी ज्या साच्यातून निघाली त्याची खूण, मी पाहिलाच नव्हता. तो पाहिल्याशिवाय पहिली आवृत्ती आणि नंतरचे पुनर्मुद्रण यांतला फरक सांगणे कठीण, म्हणून ते पुनर्मुद्रणच होते असे मी रविवारपासून स्वतःला बजावत आहे, आणि स्वतःवर अजिबात विश्वास बसत नाही. पुढच्या वेळी पुस्तिका घरीच ठेवून कॅटलॉग क्रमांक तळहातावर लिहून नेणार आहे. ते गृहस्थ हातही बघत नसले म्हणजे झाले.