आत्याला वार आठवत नाही म्हणून

‘परवा आत्यानं मला दोनदा विचारलं, आज वार कोणता. हिचं मृत्युपत्र कोर्टात पाच मिनिटंही टिकायचं नाही.’ आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोरल्या चुलतभावानं हे लिहिलं आणि खाली पटापट अंगठे उमटले. इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये मी ते वाचलं, त्याला तीन दिवस झाले. राग अजून उतरलेला नाही.

आत्या ८४ वर्षांची. पंचवटीतल्या दोन खोल्या तिनं शाळेतल्या नोकरीच्या पैशांतून घेतल्या, तिच्याच नावावर आहेत. मूलबाळ नाही. दिवाळीत तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं की खोल्या तिला सांभाळणाऱ्या बाईला आणि दागिने भाच्यांना. तेव्हापासून तिच्या स्मरणशक्तीची काळजी सुरू झाली. त्याआधी गॅस चालू ठेवून ती रामकुंडावर गेली होती, तेव्हा ग्रुपवर एक ओळही आली नव्हती.

१९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ५९व्या कलमाला माणूस सज्ञान आणि मनानं शाबूत एवढाच लागतो. आंधळ्याला, बहिऱ्याला, मुक्यालाही आपण काय करतोय हे कळत असेल तर मृत्युपत्र करता येतं. एरवी वेडाचे झटके येणाऱ्यालासुद्धा मन ताळ्यावर असेल त्या काळात करता येतं. नशेत किंवा आजारपणात आपण काय करतोय हेच कळत नसेल, तर मात्र नाही. वाराचा उल्लेख कुठेही नाही. वयाची वरची मर्यादाही नाही.

दादाचं दुसरं म्हणणं, ‘रजिस्टर तरी केलंय का?’ अरे, मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. आणि नोंदणी केली म्हणून मन शाबूत होतं असं सिद्ध होत नाही.

इथे माझ्या शेजारच्या बाई नव्वदीच्या होत्या. सॉलिसिटर घरी आला आणि त्यानं मुलाला बाहेर बसायला सांगितलं. तुमच्याकडे काय काय आहे, तुमचं कोण कोण आहे, कुणाला का देताय, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. जीपीचं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचं, पत्र फाइलला लावलं. घरातला मोठा हिस्सा मांजरांच्या संस्थेला गेला. मुलानं त्यांच्या अंत्यविधीला सँडविच वाटले आणि कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून गाडी काढली. आमच्या नाशिकला डॉक्टरांचं सर्टिफिकेट म्हणजे शेवटच्या पानावर दोन ओळी आणि शिक्का. म्हाताऱ्या माणसाला खोलीत एकटं बसवून कुणी विचारत नाही, कारण एकटं बसवलं तर ते खरं बोलेल.

इंग्लंडमध्ये १८७० साली बँक्स नावाच्या माणसाचा खटला झाला. भुतं आपल्या मागे लागलीत असं त्याला वाटायचं. तरी त्याचं मृत्युपत्र टिकलं, कारण मिळकत कुणाला द्यायची या निर्णयात त्या भुतांचा हात नव्हता. आपण काय करतोय, आपल्याकडे किती आहे आणि आपल्यावर कुणाकुणाचा हक्क पोचतो, एवढं त्याला कळत होतं. आपल्याकडचे निकालही या खटल्याचा आधार घेतात. एक प्रश्न मात्र दादानं रास्त विचारला, की सांभाळणाऱ्या बाईच आत्याला वकिलाकडे घेऊन गेल्या का? ज्याला लाभ मिळतो त्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर ती संशयाची बाब असते आणि ती दूर करायची जबाबदारी त्याच्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५९ सालीच सांगून ठेवलंय. मग तेवढंच विचारा. तिची अक्कल कशाला काढता?

हे इतकं तावातावानं लिहितोय, कारण हेच मी एकदा केलंय.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गंगापूर रोडचं घर माझ्या धाकट्या भावाच्या नावे लिहून ठेवलं होतं. त्यांच्या दिवसकार्यानंतर मी विमानात बसण्याआधी भावाला म्हणालो, ‘शेवटच्या वर्षी त्यांना नीट समजत होतं का रे?’ इथे आल्यावर हॉस्पिटलच्या फाइलची प्रत मागवली. इतकी वर्षं परदेशात काढून, घर नको असताना मागवली. मला असं वाटत होतं की ते मला विसरले असतील. विसरले असते तर बरं झालं असतं. मृत्युपत्राच्या दुसऱ्या पानावर त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं: ‘थोरल्यास शिक्षणासाठी द्यावयाचे ते दिले आहे. तो तिकडे स्थायिक असून परत येणार नाही.’ मी कधी त्यांना असं सांगितलं नव्हतं. फाइल मी कुणाला दाखवली नाही. भाऊ दर फेब्रुवारीत द्राक्षांच्या पेटीचा फोटो पाठवायचा, तो त्या वर्षापासून येत नाही.

काल आत्याला फोन केला. वार तिला आठवला नाही. मग मी विचारलं, आत्या, तुझं कोण कोण आहे? तिनं एकेका भाच्याचं नाव घेतलं, वयाच्या क्रमानं, कुणाला काय दिलंय ते सांगत. माझ्यापाशी आल्यावर थांबली. म्हणाली, ‘तू काका गेल्यापासून दोनदा आलास. दोन्ही वेळा पावसाळा होता, गोदेला पाणी होतं, आणि तू घाईत होतास. तुला माझी पाटल्यांची जोडी ठेवलीय.’