‘पैशाला भुलून आले’ या दाव्याची तपासणी

नवी मुंबईत एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, सातारा-कोकणातून आलेल्यांना कोणी घालवले नव्हते, रोख मजुरीला भुलून त्यांनी जमिनी पडीक टाकल्या, ते परत फिरले नाहीत आणि येथील मूळ गावकऱ्यांचे त्यात भलेच झाले.

‘कोणी घालवले नव्हते’ हे कोयनाकाठी तरी टिकत नाही. १९६० च्या दशकात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरत गेला, पाटण व जावळी तालुक्यांतील गावे बुडाली आणि त्यांतल्या काही कुटुंबांचे पुनर्वसन याच ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात झाले. त्यांना भुलायला उरले काय होते? १९७२ च्या दुष्काळात गाव सोडणाऱ्यांचीही तीच गत.

मजुरीची ओढ खोटी नव्हती. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालीच्या कामाला संरक्षण दिले, हे मान्यच आहे. पण केवळ मजुरीच ओढत असती, तर सर्व जिल्ह्यांतून सारखीच माणसे आली असती. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात ठरावीक तालुक्यांचीच माणसे का दिसतात, याचे उत्तर टोळीत आहे. मुकादम गावचा, नवा गडी त्याच्या भावकीतला, आणि पहिले काही महिने पथारी त्याच्याच खोलीत.

परत न फिरण्याचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा मुंबईतून लोक लाखोंनी गावाकडे पळाले. कोकणातला गिरणी कामगार भातलावणीला रजा टाकून जाई, बायकामुले गावीच असत आणि महिन्याची मनिऑर्डर तिकडे पोचे. जमीन पडीक टाकली असती, तर ही लावणी कोणाच्या शेतात होत होती? आजही चैत्रात गावोगावच्या यात्रा लागल्या की कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली घरे कुलूपबंद दिसतात.

राहिले मूळ गावकरी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. आगरी-कोळी कुटुंबे कुठेही गेली नाहीत, तरी त्यांची भातशेती आणि मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्यानंतरची आहे. ज्याला हा मजकूर ‘भले’ म्हणतो, ते कोणी आपणहून दिलेले नव्हते.